गाडी सुरू का होत नाही? निदानाचा एक छोटा इतिहास



आयोजकांना मी विषय कळवला तो 'निदानाचा इतिहास' एवढाच. त्यामुळे मी आयुर्वेदावर बोलणार, असा काही जणांचा समज झालेला दिसतो. आयुर्वेद येईल, पण थोडासाच. मला बोलायचं आहे ते सकाळी किल्ली फिरवली की लवकर सुरू न होणाऱ्या जुन्या गाडीबद्दल. जुनी म्हणजे फिएट-अँबॅसडरच्या काळातली नव्हे. साधारण २००० ते २०१० या दहा वर्षांत रस्त्यावर आलेली, मागे डिकीवर 'एम.पी.एफ.आय.' असं मिरवणारी, एम.एच. २९ ची पाटी लावलेली पेट्रोल गाडी. आपल्या जिल्ह्यात अशा गाड्या अजून भरपूर आहेत. पंधरा वर्षं झाली की आरटीओत जाऊन रीपासिंग करून घ्यायचं, आणि पुढची पाच वर्षं चालवायची.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला यात काय रस, असं कुणी विचारेल. रस असा आहे की ही गाडी सुरू होत नाही तेव्हा आपण जे करतो, त्याला आपल्या परंपरेत 'अनुमान' म्हणतात. परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. परिणामावरून कारणापर्यंत जायचं असतं. गेल्या शंभर वर्षांत हे अनुमान कुणी करायचं, कशाच्या आधारावर करायचं, हे तीन-चार वेळा बदललं. तो बदल मी आज सांगणार आहे. आणि शेवटी असं म्हणणार आहे की यंत्रात संगणक आल्यामुळे अनुमानाची गरज कमी झाली, हा आपला गैरसमज आहे आणि तो आपल्याला महाग पडतो.

हाताने सुरू होणारी यंत्रं

पहिल्यापासून सुरुवात करू. यवतमाळच्या लोकांना 'सुरू करणं' या क्रियेचा पहिला मोठा परिचय झाला तो शकुंतला रेल्वेमुळे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आपली अरुंद रुळांची गाडी. तिचं १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. वाफेचं इंजिन किल्ली फिरवून सुरू होत नाही. आधी भट्टी पेटवायची, पाणी तापवायचं, दाब चढू द्यायचा. थंड इंजिन असेल तर यात कित्येक तास जातात. पण या पद्धतीत एक सोय होती. काय कमी आहे ते समोर दिसायचं. पाण्याची पातळी काचेच्या नळीत, दाब काट्यावर, आग डोळ्यांपुढे. निदानाला अनुमान फारसं लागत नव्हतं. बरंचसं काम प्रत्यक्षावर भागत होतं.

दुसरा परिचय विहिरीवरच्या इंजिनाचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्याजवळ खडकीला १९४६ साली स्थापन झाली, आणि पुढच्या काळात वीज न पोचलेल्या शेतांवर डिझेल इंजिनं आली. तुमच्यापैकी ज्यांनी ते हँडल मारलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आधी डिकॉम्प्रेशनचा खटका वर करायचा, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जात नाही आणि हँडल हलकं फिरतं. चाकाने वेग घेतला की खटका खाली. हवा एकदम दाबली जाते, तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं जातं आणि इंजिन धडधडू लागतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेची उष्णता हीच त्याची ठिणगी.

आता लक्षात घ्या, त्या हँडल मारणाऱ्या माणसाला काय काय कळत होतं. हँडल नेहमीपेक्षा हलकं गेलं, म्हणजे दाब गळतोय. रिंग किंवा व्हॉल्व्ह बघायला हवा. हँडल जड, पण फवाऱ्याचा 'किर्र' आवाज नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही, कदाचित पाइपात हवा शिरली. धूर पांढरा येतोय पण इंजिन पेट घेत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय, जळत मात्र नाही. कान, नाक आणि मनगट या तीन ज्ञानेंद्रियांवर निदान चालायचं. मनगटाला मी मुद्दाम ज्ञानेंद्रिय म्हणतोय.

मोटारीतही पहिली काही वर्षं हेच होतं. पुढून हँडल घालून गाडी फिरवायची. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा स्टार्टर बसवला. त्यालाच आपण 'सेल्फ' म्हणतो. सेल्फ आला तसं मनगटाचं काम गेलं आणि ते बॅटरीकडे गेलं. पण 'गाडी जड फिरतेय' हे ज्ञान काही संपलं नाही, ते कानाकडे सरकलं. सेल्फचा आवाज मंद आला की बॅटरी, हे आज लहान मुलालाही कळतं. हा मुद्दा लक्षात असू द्या. यंत्राने माणसाचं एखादं काम घेतलं की त्या कामातलं ज्ञान नाहीसं होत नाही; ते दुसरीकडे जातं. ते कुठे गेलं हे शोधावं लागतं.

पेट्रोल आणि करंट

आता चोककडे येऊ. पेट्रोल हे द्रव म्हणून जळत नाही, त्याची वाफ जळते. ती वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली हवी. वजनाने पाहिलं तर साधारण पावणेपंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल. इंजिन थंड असलं की पेट्रोलाचा बराच भाग थेंबांच्या रूपातच राहतो, भिंतींना चिकटतो. म्हणून सुरू करताना पेट्रोल नेहमीपेक्षा बरंच जास्त द्यावं लागतं. प्रीमियर पद्मिनीत, अँबॅसडरमध्ये, आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्येही हे काम चोकची दांडी ओढून चालक करत असे. दांडी ओढली की कार्ब्युरेटरमध्ये हवेचा रस्ता बंद होतो आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. किती ओढायची, कधी सोडायची, हे प्रत्येक गाडीचं निराळं. जास्त झालं की प्लग ओले होऊन गाडी 'ओव्हर' होते. मग थोडं थांबायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा.

त्या काळच्या मेकॅनिकचं निदान दोन प्रश्नांवर उभं होतं. आपल्या बोलीत सांगायचं तर, "पयले पाहा, पेट्रोल येऊन राह्यलं का, आन् करंट येऊन राह्यला का." पेट्रोल आणि करंट. कार्ब्युरेटरची नळी काढून पेट्रोल पाहायचं, प्लग काढून इंजिनाला टेकवून ठिणगी पाहायची. दोन्ही असेल तर तिसरी गोष्ट, कॉम्प्रेशन. तीन कारणं, प्रत्येकाची प्रत्यक्ष तपासणी, आणि जे उरेल ते कारण. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जी शेषपद्धती मांडली, तिच्या जवळ जाणारी ही रीत आहे. न्यायदर्शनात तिला 'परिशेष' म्हणतात. आमच्या मेकॅनिकने मिलही वाचला नव्हता आणि न्यायसूत्रंही. पण पद्धत त्याच जातीची होती.

इंजेक्शन आलं कसं

फ्यूएल इंजेक्शन ही कल्पना नवी नाही. जर्मनीत बॉश कंपनीने डिझेलच्या इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन १९२७ साली सुरू केलं. भारतात हीच कंपनी 'मायको' या नावाने आपल्या परिचयाची झाली, आणि तिच्या नाशिकच्या कारखान्यात बनलेले नोझल महाराष्ट्रातल्या कितीतरी ट्रॅक्टर-ट्रकांत बसले. तेव्हा यवतमाळ, वणी, पुसदच्या मिस्त्रींना 'नोझल' हा शब्द पेट्रोल गाड्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. पण ते इंजेक्शन सगळं यांत्रिक. पंप खोलायचा, साफ करायचा, कॅलिब्रेशन करायचं.

पेट्रोलचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर आलं ते १९६७ मध्ये, बॉशच्या 'डी-जेट्रॉनिक' या प्रणालीने, फोक्सवॅगनच्या गाडीत. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, धुराचे नियम कडक होत होते. गाडी वेगवान करायची म्हणून यंत्र बदललं असं आपल्याला वाटतं. पण घरोघरच्या साध्या गाड्यांत हे यंत्र शिरलं त्यामागे मोठा रेटा हवेच्या कायद्यांचा होता. १९७६ साली धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर आला. धूर पाहून संगणक पेट्रोल कमी-जास्त करू लागला, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करू लागला.

भारतातही हेच घडलं, पंचवीस वर्षांनी. दिल्लीच्या हवेवरून एम. सी. मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात चालवलेली याचिका आपल्याला माहीत आहे. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आलं. एप्रिल १९९९ मध्ये न्यायालयाने राजधानी परिसरासाठी युरो-१ आणि लगेच पुढच्या वर्षी युरो-२ मानकं लागू करायला सांगितलं. २००० मध्ये पहिल्या पायरीची मानकं देशभर आली. कार्ब्युरेटरने हे नियम पाळणं अवघड झालं आणि मारुती ८०० मध्येसुद्धा एम.पी.एफ.आय. आलं. दिल्लीच्या धुक्यावरचा निकाल, आणि त्याचा परिणाम दारव्हा रोडवरच्या गॅरेजमध्ये. चोकची दांडी गेली.

दांडी गेली, मग चोक कुठे गेला?

हा माझ्या आजच्या बोलण्यातला मुख्य प्रश्न. चोक गेला, पण थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं हा निसर्गनियम काही गेला नाही. मग ते काम कोण करतं? संगणक करतो, ज्याला गॅरेजमध्ये 'ईसीएम' म्हणतात. तो कशावरून ठरवतो? इंजिनच्या पाण्यात बसवलेल्या एका बोटभर सेन्सरवरून. कूलंट टेंपरेचर सेन्सर. त्याच्या आत तापमानानुसार विरोध बदलणारा एक मणी असतो. अनेक गाड्यांत २० अंशांना साधारण दोन-अडीच किलोओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. थंड असताना विरोध जास्त, गरम असताना कमी. संगणक त्यावरून समजतो की इंजिन किती थंड आहे, आणि तेवढं जास्तीचं पेट्रोल फवारतो. म्हणजे चालकाच्या हातातली दांडी त्या मण्यात जाऊन बसली.

आता इथे एक गंमत आहे. गाडी चालू झाल्यावर संगणकाकडे लॅम्डा सेन्सर असतो. आपण दिलेलं पेट्रोल जास्त झालं की कमी, हे तो धुरावरून पडताळून पाहतो. चुकलं तर सुधारतो. पण हा सेन्सर साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे गाडी सुरू करायच्या क्षणी संगणकाला पडताळणीच उपलब्ध नसते. त्याला त्या पाण्यातल्या सेन्सरच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. आपल्या भाषेत बोलायचं तर, गाडी चालू असताना संगणकाकडे प्रत्यक्ष प्रमाण असतं, सुरू होताना फक्त शब्दप्रमाण. आणि न्यायशास्त्र सांगतं, शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा. साक्षीदारच चुकीचं सांगत असेल तर?

समजा, डिसेंबरची सकाळ आहे, बाहेर बारा अंश आहेत, आणि जुना झालेला सेन्सर सांगतोय की इंजिन पन्नास अंशांवर आहे. संगणक म्हणतो, इंजिन कोमट आहे, जास्तीचं पेट्रोल नको. आपण सेल्फ मारत बसतो. स्कॅनर लावला तर कोड काय येतो? बहुतेक वेळा काहीच येत नाही. कारण पन्नास अंश हे काही अशक्य तापमान नाही. वायरच तुटली तर संगणकाला कळतं. तेव्हा आकडा शक्यतेच्या बाहेर जातो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पण पटण्यासारखं खोटं सांगणारा साक्षीदार पकडायला त्या काळच्या संगणकाकडे फारसं साधन नव्हतं. म्हणून "स्कॅनिंगमध्ये काही आलं नाही" याचा अर्थ "काही बिघाड नाही" असा घ्यायचा नसतो.

मग हा साक्षीदार कसा तपासायचा? दुसऱ्या साक्षीदाराशी ताडून. गाडीत आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणारा आणखी एक सेन्सर असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाणी आणि हवा, दोन्हींचं तापमान जवळजवळ सारखंच असायला हवं. सकाळी सेल्फ मारण्याआधी स्कॅनरवर दोन्ही आकडे पाहा. एक बारा आणि दुसरा पन्नास असेल तर कोण खोटं बोलतंय ते तुम्हाला अंगणात उभं राहूनच कळेल. या तपासणीला पैसा लागत नाही. लागते ती एवढीच समजूत की एकाच गोष्टीचे दोन साक्षीदार एकमेकांशी जुळायला हवेत.

पैनगंगेचा पूर

आता मी तुम्हाला दीड-पावणेदोन हजार वर्षं मागे नेतो. न्यायसूत्रांत अनुमानाचं एक प्रसिद्ध उदाहरण येतं. नदीला पूर आलेला दिसला की वरच्या बाजूला पाऊस झाला असं आपण अनुमान करतो. उमरखेडच्या लोकांना हे उदाहरण समजावून सांगावं लागणार नाही; पैनगंगा फुगली की वर पाऊस झाला हे ते जाणतात. पण न्यायसूत्रांतच पुढे आक्षेप घेतला आहे. पाणी पावसाशिवायही फुगू शकतं. खाली कुठे बांध घातला, प्रवाह अडला, तरी पाणी चढतं. मग पुरावरून पाऊस कसा सिद्ध होणार? आक्षेप घेणारा म्हणतो, तुमचं अनुमान हे प्रमाणच नव्हे.

यावरचं उत्तर फार सुंदर आहे. ते असं की, नुसतं 'पाणी वाढलं' हे चिन्ह नव्हेच. पावसाचं चिन्ह म्हणजे विशिष्ट प्रकारचा पूर: वेगाने वाहणारा, फेसाळ, काटक्या-पानं-फळं वाहून आणणारा. अडलेलं पाणी तसं नसतं, ते संथ असतं. म्हणजे चूक अनुमानात नव्हती. आपण चिन्ह पुरेसं बारकाईने पाहिलं नव्हतं.

मित्रहो, 'गाडी लवकर सुरू होत नाही' हे असंच ढोबळ चिन्ह आहे. नुसतं पाणी वाढलं म्हणण्यासारखं. त्याच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फेस कुठे आहे, पानं कुठे आहेत, ते पाहावं लागतं. म्हणजे काय पाहायचं? तीन पूर सांगतो.

पहिला: रात्रभर उभी राहिली की सकाळी त्रास, दिवसभर ठीक. किल्ली 'ऑन' केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाचा बारीक आवाज येतो. तो पंप पेट्रोलच्या नळीत दाब भरतो, अनेक गाड्यांत सुमारे तीन बार. गाडी बंद केल्यावर हा दाब बराच वेळ टिकायला हवा. पंपातला झडपेचा भाग झिजला की दाब रात्रीतून उतरतो. तपासणी सोपी: किल्ली ऑन करा, आवाज थांबू द्या, बंद करा. असं तीन वेळा करा आणि मग सेल्फ मारा. गाडी एका झटक्यात सुरू झाली, तर दाब उतरतोय. तरीही फरक पडला नाही, तर तापमानाच्या साक्षीदाराकडे वळा.

दुसरा: मे महिन्याचा. पारा पंचेचाळीसला. तुम्ही यवतमाळहून निघालात, आर्णीला चहाला थांबलात. वीस मिनिटांनी गाडी सुरू होईना. गाडी थांबली की पाणी आणि वारा दोन्ही थांबतात, आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते. नळीतला दाब टिकला असेल तर पेट्रोल उकळत नाही, कारण दाबाखाली उत्कलनबिंदू वर जातो. दाब उतरला असेल तर नळीत वाफ होते. तेव्हा गाडी अडखळत, थरथरत सुरू होते. पण एखादा नोझल गळत असेल तर उलट घडतं. पेट्रोल आत साठतं, सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो. या दोहोंना वेगळं करणारी खूण ऐका. किल्ली तीनदा ऑन-ऑफ केल्याने फायदा झाला तर पेट्रोल कमी पडत होतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्याने फायदा झाला तर पेट्रोल जास्त झालं होतं, कारण अनेक इंजेक्शन गाड्यांत तसं केल्यावर संगणक पेट्रोल तोडतो. एकच तक्रार, दोन उलट कारणं, आणि दोन उलट कसोट्या. एक विनंती मात्र आहे: गरम इंजिनवर पेट्रोलची नळी कुणी खोलू नका. तिच्यात दाब असतो आणि पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

तिसरा: गरम झाल्यावर सेल्फ जोरात फिरतो, पण पेट घेण्याचं नावच नाही, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू. इथे क्रँक सेन्सर पाहायचा. अनेक गाड्यांत इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणारा मुख्य सेन्सर तोच. त्याची आतली तार गरम झाल्यावर तुटते, थंड झाल्यावर जुळते. त्याने सांगितलं नाही तर संगणकाच्या दृष्टीने इंजिन उभंच आहे. मग पेट्रोलही नाही आणि करंटही नाही. ज्या गाडीत आरपीएमचा काटा आहे तिथे सेल्फ मारताना काट्याकडे पाहा. तो जरासाही हलत नसेल तर ही मोठी खूण.

आणि या तिन्ही आधी बॅटरी, बॅटरीची टोकं आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं तर संगणकच भानावर राहत नाही, आणि मग नको नको ते कोड येतात.

कोड आणि उपशय

आता कोडबद्दल. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एकाच पद्धतीचे कोड आले. आपल्याकडे अशी निदानप्रणाली टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली २०१० आणि २०१३ मध्ये. म्हणजे मी ज्या गाड्यांबद्दल बोलतोय त्या नेमक्या मधल्या. कार्ब्युरेटर गेलेला, पण सर्वांना वाचता येईल अशी भाषा आलेली नाही. अनेक गाड्यांत कंपनीची स्वतःची बोली, स्वतःचं यंत्र. तालुक्याच्या मेकॅनिकने ती वाचायची कशी? आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला चांगला, हुशार माणूस इथे पाहता पाहता अडाणी ठरवला गेला. त्याचे कान गेले नव्हते. त्याच्या कानाला ऐकू येण्यासारखं होतं ते एका डब्यात बंद झालं होतं.

आणि कोड वाचता आला तरी तो काय सांगतो? पी ०३३५ असा कोड येतो. त्याचा अर्थ 'क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष'. सर्किटमध्ये. सेन्सर त्या सर्किटचा एक भाग. बाकी वायर आहे, कनेक्टर आहे, आणि गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीत वायर कुरतडणारा उंदीर आहे. कोड गाव सांगतो, घर सांगत नाही. घर विचारत विचारतच जावं लागतं. पण होतं काय, की कोड आला, सेन्सर बदलला. तरी तेच, मग पंप बदलला. तरी तेच, मग 'ईसीएम गेलंय' असं सांगितलं जातं. कापूस विकून आलेले हजारो रुपये जातात आणि शेवटी सापडते ती गंजलेली अर्थिंगची पट्टी.

इथे माझा कबूल केलेला आयुर्वेद आणतो. आपल्या वैद्यकात रोग ओळखण्याची पाच साधनं सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यातलं 'उपशय' म्हणजे औषध, आहार किंवा विहार देऊन पाहणं. बरं वाटलं की वाढलं, यावरून रोग ओळखणं. म्हणजे 'पार्ट बदलून पाहू' याला परंपरेत आधार आहे! पण उपशय कधी वापरायचा? लक्षणं गूढ असताना, दोन रोगांत संशय उरलेला असताना, तो संशय मिटवण्यासाठी. किल्ली तीनदा ऑन-ऑफ करून पाहणं हा खरा उपशय. त्याचं उत्तर 'हो' आलं तरी ज्ञान मिळतं आणि 'नाही' आलं तरी मिळतं. काहीच विचार न करता पंप बदलणं ही सोडत आहे. गाडी सुरू झाली तरी का झाली ते कळत नाही. कदाचित पंप बदलताना कनेक्टर हलला म्हणून झाली असेल.

पाचातलं दुसरं साधन पूर्वरूप, म्हणजे रोग पूर्ण प्रकट होण्याआधीच्या खुणा. हे फक्त गाडीच्या मालकाकडे असतं, मेकॅनिककडे कधीच नसतं. 'दिवाळीपासून दोन सेल्फ लागायला लागले', 'पेट्रोल भरल्यानंतर वाढलं'. पेट्रोलचंही सांगतो. आता पेट्रोलात इथेनॉल असतं. २०२२ मध्ये ते सरासरी दहा टक्क्यांवर आलं, पुढे वीसकडे गेलं. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रचनेत याचा विचार नव्हता. इथेनॉल पाणी शोषतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला ते बाधतं. त्याची वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी देत असत, ती याचमुळे. आपल्या मिश्रणात इथेनॉल कमी असल्यामुळे तेवढा त्रास नाही. पण गाडी किती दिवस उभी होती, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे.

हे कशासाठी?

शेवटचा मुद्दा. झरी जामणी किंवा घाटंजी तालुक्यातल्या आतल्या गावात अशी एखादी जुनी गाडी असते. कागदोपत्री ती एकाची असते, पण रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखलं, कुणाचं बाळंतपण अडलं, की ती गावाची होते. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं असतं. त्या वेळी ती गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते की दहाव्या, हा काही शौकाचा प्रश्न राहत नाही. नवी गाडी घ्या, असं शहरात म्हणणं सोपं आहे. ज्याच्याकडे आहे ती गाडीच मुश्किलीने आली, त्याच्यासाठी नीट निदान हीच बचत आणि तीच सुरक्षा.

इतिहास आपल्याला इथे काय सांगतो? हँडल गेलं तेव्हा ज्ञान कानात गेलं. चोक गेला तेव्हा ते सेन्सरमध्ये गेलं. पण सेन्सर फक्त साक्ष देतो. साक्षी एकमेकांशी ताडून निर्णय करणारा माणूस लागतोच, आणि तो होण्यासाठी फार मोठी पदवी लागत नाही. गाडीच्या मालकाने एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात: गाडी थंड होती की गरम; किती वेळ उभी होती; सेल्फ जोरात फिरला की मंद; वास, धूर, काटा, दिवा यांपैकी काय दिसलं. आणि काय केल्यावर सुरू झाली. पाचवी झाली, असू द्या. आठ दिवसांची अशी वही घेऊन तुम्ही गॅरेजला गेलात, तर मेकॅनिकच्या हातात नुसतं 'पाणी वाढलं' हे वाक्य पडणार नाही. फेस, काटक्या, पानं सगळं पडेल. त्यातला जो जाणकार आहे तो त्यावरून वर कुठे पाऊस झाला ते सांगेल. जो वही न वाचताच पंप काढायला घेईल, त्याच्याकडून गाडी परत घेऊन यावी, एवढंच मी सुचवेन.